तिथी बघून निघा: कोलशेतहून मुलांसह खाडीकाठच्या जंगलात

मुलांना घेऊन खाडीकाठी जायचे ठरले की बहुतेक जण आधी रविवार मोकळा आहे का ते बघतात. आधी बघायची ती तिथी. डोंगरावरची भटकंती सूर्यावर चालते, खाडीकाठची भरती-ओहोटीवर. आठ वर्षांचे मूल ज्या जागी सकाळी निवांत खेकडे मोजत उभे असते, तिथेच तीन-चार तासांनी त्याच्या कमरेपर्यंत पाणी असू शकते.

हिशेब सोपा आहे आणि आपल्या किनाऱ्यावर तो पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आला आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, की भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो वा वद्य, गणित तेच. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी. ही वेळ मुंबईच्या समुद्राची. पाणी खाडीतून चढत कोलशेतपर्यंत यायला आणखी वेळ लागतो, म्हणून तासभर जास्त धरा. मुले बरोबर असतील तर भरती-ओहोटीचा छापील तक्ताही बघा, केवळ तोंडी गणितावर विसंबू नका.

या हिशेबाने सर्वांत चांगली सकाळ द्वितीया-तृतीयेची. समुद्रात दुपारी दीड ते सव्वादोनला भरती, म्हणजे सकाळी सव्वासात-आठला ओहोटी, आणि कोलशेतला सव्वाआठ-नऊच्या सुमारास पाणी तळाला. पौर्णिमा-अमावास्येला लागून असल्यामुळे हे दिवस उधाणाचे असतात. पाणी जितके वर चढते तितकेच खाली उतरते आणि चिखलाचा मोठा पट्टा उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांग असते. तेव्हा पाणी धड चढतही नाही, उतरतही नाही, आणि बघायला फारसे मिळत नाही.

आता कोलशेत. ठाणे स्टेशनहून टीएमटीची बस मिळते. जायचे खाडीकडच्या बाजूला, जुन्या गावाच्या आणि रेतीबंदराच्या दिशेने. पाण्याकडे तोंड करून उभे राहिलात की समोरच्या काठाला भिवंडी तालुक्यातले काल्हेर, उजव्या हाताला कशेळी-बाळकुमकडून येणारा प्रवाह आणि डाव्या हाताला पाणी नागला, घोडबंदर करत वसईच्या समुद्राकडे जाते. ही उल्हास नदी. कर्जत, बदलापूर, कल्याण, डोंबिवली करत ती इथे येते. डोंबिवलीच्या मुलांना हे आवर्जून सांगा. आपल्या गावाशेजारून गेलेले पाणी इथे खारट झालेले बघणे हा त्यांच्यासाठी भूगोलाचा अख्खा धडा आहे.

इथे चालायचे थोडे आणि थांबायचे फार. वाटेने अर्धा किलोमीटर गेलात तरी सकाळ पुरते. आपण मोठी माणसे अंतर मोजतो आणि मुलांना ओढत नेतो, तिथेच सहल फसते. काठावर उकिडवे बसा आणि पाच मिनिटे कुणीही हलू नका. चिखलावर आधी काहीच दिसत नाही. मग एक भोक हलते, दुसरे हलते आणि एक नांगी दुसरीपेक्षा कितीतरी मोठी असलेले नर खेकडे बाहेर येऊन ती नांगी हलवू लागतात. माद्यांना बोलावण्याची आणि शेजाऱ्याला दटावण्याची ती खूण. मधूनच निवटी दिसते. मासा असून ती चिखलावर पंखांच्या आधाराने सरपटते आणि उड्या मारते. कातडी ओली असेपर्यंत ती कातडीतूनही श्वास घेते. माझ्या मुलीने पहिल्यांदा निवटी पाहिली तेव्हा तिला मासा म्हणायला ती तयारच नव्हती. तो वाद घरी पोचेपर्यंत चालला आणि त्या दिवसाचे सगळे चीज झाले.

झाडांपैकी सर्वांत आधी ओळखू येईल ते तिवर. त्याच्या भोवती चिखलातून पेन्सिलीसारख्या उभ्या आलेल्या काड्या म्हणजे त्याची श्वसनमुळे. खाडीच्या गाळात हवा नसते, म्हणून मुळे वर येऊन हवा घेतात. त्यांच्यावर पाय पडू देऊ नका, हे मुलांना निघण्याआधीच सांगा. तिवराच्या पानाकडे उन्हात तिरके बघितले तर मिठाचे बारीक कण चमकतात, झाडाने बाहेर टाकलेले. जिथे चिप्पी दिसेल तिथे थांबून सांगा की पांढरी चिप्पी हा २०२० सालापासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. राज्यपक्षी हरियाल मुलांना शाळेत कळतो, हा मात्र कळत नाही. एक झाड दुरूनच दाखवायचे: गेवा, काही ठिकाणी हुरा म्हणतात. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. खाडीकाठी कोणतेही पान तोडायचे नाही हा नियम घालून द्या, म्हणजे ओळखण्याची चूक झाली तरी बाधा नाही.

चिखलात उतरू नका, हे सगळ्यांत महत्त्वाचे. वरून वाळलेला, भेगाळलेला दिसणारा गाळ आत गुडघाभर मऊ असतो. एकदा माझाच पाय त्यात रुतला. पाय निघाला, बूट आत राहिला, आणि तेवढ्या वेळात पाणी हातभर पुढे आले होते. खाडीत चढणारे पाणी उतरणाऱ्या पाण्यापेक्षा घाईने येते. बांधावरून, पायवाटेवरून, पक्क्या काठावरूनच बघा. पाणी परत फिरताना दिसले की निघायची वेळ झाली.

खाडीची ही अशी ओळख झाली की दुसऱ्या सुट्टीत खरे जंगल. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे दक्षिणेकडचे रान सगळ्यांना माहीत असते, पण त्याचा उत्तरेकडचा तुकडा, नागला, वसईच्या खाडीच्या पलीकडे आहे. घोडबंदर रस्त्याने गायमुखाचा घाट ओलांडून फाउंटन नाक्यावर जा, तिथून वर्सोवा पूल उतरून अहमदाबाद महामार्गावर ससूनवघरला. वाट जवळजवळ सपाट आहे, सावलीची आहे आणि ऐन, कुडा, सावर, पळस अशा रानातून उतरत खाडीकाठच्या कांदळवनाशी येते. डोंगरी जंगल आणि खारफुटी एकाच फेरीत पायाखाली येण्याची अशी जागा मुंबई-ठाण्याजवळ फार नाही, आणि मी तर पहिल्या जंगलफेरीसाठी येऊरपेक्षा हीच सुचवेन. येऊरला चढ आहे, सुट्टीची गर्दी आहे आणि तिथे मुलांना पक्ष्यांपेक्षा गाड्यांचे आवाज जास्त ऐकू येतात.

नागला हा राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, त्यामुळे वनखात्याची परवानगी घेऊनच आत जा. घोडबंदर रस्त्यावर ट्रकची रांग लागायच्या आत, म्हणजे सहाच्या आधी कोलशेत सोडा. या रानात बिबट्या आहे. घाबरायचे कारण नाही, पण शिस्त हवी. उजाडल्यावरच आत शिरायचे आणि दुपारपर्यंत परतायचे. लहान मुले मधे, मोठे पुढे-मागे. मूल पळत पुढे जाता कामा नये आणि झुडपाआड एकटे बसता कामा नये. बिबट्या दिसलाच तर पळायचे नाही, वाकायचे नाही. मुलाला उचलून घ्या आणि बिबट्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरा.

अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, पायात घट्ट बूट. चप्पल नको. संध्याकाळपेक्षा सकाळ बरी असली तरी खाडीकाठी डास असतातच, तेव्हा मलम आठवणीने. पाणी माणशी दोन लिटर, वाटेत भरून मिळत नाही. खायला लाडू, थालीपीठ असे सुटसुटीत. वेष्टनातले पदार्थ नेलेत तर वेष्टने मोजून न्या आणि मोजून परत आणा. मुलांनाच हे काम द्या, ती चोख करतात. ऋतू नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा तुतवार आणि इतर पाहुणे पक्षी चिखलावर असतात. पावसाळ्यात रान देखणे दिसते, पण निसरड्या काठावर लहान मुले नेऊ नयेत.

पाच वर्षांच्या आतले मूल किंवा गुडघे दुखणारी आजी बरोबर असेल तर हे दोन्ही सोडून ऐरोलीला जा. तिथल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवनाची माहिती नीट मांडलेली आहे, आणि रोहितांच्या हंगामात खाडीत बोटीची फेरी असते. ठाणे खाडीचे ते रोहित अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. कोलशेतच्या काठाला असा दर्जा नाही, म्हणून इथे बघणाऱ्यांची नजर जास्त मोलाची आहे.

ती नजर ठेवा. कांदळवन तोडायला आणि त्याच्या ५० मीटरच्या आत बांधकाम करायला मुंबई उच्च न्यायालयाची मनाई आहे. फिरताना तिवरांवर डेब्रिजचा ढीग, कापलेली खोडे किंवा पाण्याची वाट अडवणारा भराव दिसला तर कुणाशी हुज्जत घालू नका. जागा ओळखू येईल असा फोटो काढा, तारीख टिपून ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.