हेमिसचा मुखवटेनृत्योत्सव : पाठासाठी टिपण

भारताच्या नकाशावर लडाख दाखविताना पुष्कळ शिक्षक हेमिसच्या उत्सवाचा उल्लेख करतात. विषय रंजक आहे खरा. परंतु तो ‘भुतांचा नाच’ म्हणून सांगणे योग्य नव्हे. ते नाव तेथील लोकांचे नाही. युरोपीय प्रवाशांनी ते रूढ केले आणि आपण विचार न करता उचलले.

लेहपासून सुमारे ४५ किलोमीटरवर हेमिस हा द्रुक्पा पंथाचा मठ आहे. तिबेटी पंचांगाच्या पाचव्या महिन्यातील दहाव्या व अकराव्या तिथीस, म्हणजे बहुधा जून-जुलैत, मठाच्या अंगणात उत्सव भरतो. आठव्या शतकात तिबेटात बौद्ध धर्म रुजविणारे गुरू पद्मसंभव यांच्या जन्माचे हे स्मरण होय. दर बारा वर्षांनी, मर्कट वर्षी, त्यांचे भव्य पटचित्र उलगडतात. २०१६ साली ते उलगडले होते.

या नृत्यास ‘छम’ म्हणतात. नर्तक मठातीलच भिक्षू असतात. लांब कर्णे, झांजा व ढोल यांच्या तालावर ते संथ पावले टाकीत फिरतात. पद्मसंभवांची आठ रूपे येतात. त्यांतील काही शांत, काही उग्र. सुळे, तिसरा डोळा, मस्तकावर कवट्यांची माळ अशी मुखे पाहून मूल दचकते. परंतु ती राक्षसांची नव्हेत, धर्मरक्षकांची आहेत. अखेरीस पिठाच्या पुतळ्याचे शस्त्राने तुकडे करतात.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. १९५६ साली ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी नागपुरास धम्मदीक्षा घेतली, अशा घरचे एखादे मूल विचारील, “गुरुजी, बुद्धांनी अहिंसा सांगितली, मग भिक्षूंच्या हाती शस्त्र का?” त्यास गप्प बसवू नये. तो पुतळा कोणा जिवाचा नसून अहंकार व अज्ञान यांचा आहे, हे सांगावे. त्याच्या घरी बुद्धवंदना होते, मुखवटे नसतात. म्हणून दोहोंपैकी एक रीत खरी व दुसरी खोटी, असे मात्र शिक्षकाने सुचवू नये.

जव्हार-मोखाड्याकडील शिक्षकांस बोहाड्यातील सोंगांचा आधार घेता येईल. तेथे देवांबरोबर दैत्यांचेही मुखवटे नाचतात, हा भेद मुलांकडूनच काढून घ्यावा.

उग्र मुखवट्याचे चित्र आरंभी दाखवू नये. वर्गात हशा पिकतो आणि पाठ तेथेच संपतो. हस्तव्यवसायाच्या तासाला कागदाच्या लगद्याचे मुखवटे करवून घ्यावे, व आपला मुखवटा कशाचे रक्षण करतो ते प्रत्येकाने मागील बाजूस लिहावे.