पन्नाशीनंतर नोकरी सुटली, तर आधी गोळ्यांचे पाकीट बघा



वाडीत बी.पी. तपासायला बसलो की "गोळी रोज घेता ना?" असे आम्ही हल्ली विचारत नाही. त्याला सगळे "हो" म्हणतात. आम्ही म्हणतो, "पाकीट आणा बघू. कधी आणलं होतं?" मग गोळ्या मोजतो.

दापोली तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत एका काकांच्या गोळ्या अशाच मोजल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) महिन्याच्या तीस गोळ्या आणून दोन महिने होत आले होते आणि पाकिटात अकरा शिल्लक होत्या. बी.पी. १८०/११०. वय ५४. एका कारखान्यात ठेकेदाराकडे एकोणीस वर्षे काम केले आणि एक दिवस गेटवरच सांगितले गेले, उद्यापासून येऊ नका. काकांनी घरी सांगितले नाही. तीन आठवडे सकाळी डबा घेऊन निघायचे, एस.टी. स्टँडवर बसायचे, दुपारी तिथेच डबा खायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचे. गोळ्या तेव्हापासूनच तोडलेल्या. आधी एक दिवसाआड, मग आठवेल तेव्हा. "डोकं दुखत नाही, मग कशाला घ्यायची?" असे त्यांनी आम्हालाच विचारले. काकू शेजारी उभ्या होत्या. नोकरी गेल्याचे त्यांना एव्हाना कळले होते. गोळी सोडल्याचे त्या दिवशी कळले.

पगार थांबलेल्या घरात पहिली काटकसर कुठे होते, याचा आमचा अनुभव असा. मुलाची फी थांबत नाही, मोबाईलचा रिचार्ज थांबत नाही, पाहुण्याचा चहा तर नाहीच नाही. थांबते ती कर्त्या माणसाची स्वतःची गोळी. कोणी ठरवून थांबवत नाही, कोणाला सांगतही नाही. आणि त्या गोळीची सर्वांत जास्त गरज असते ती नेमकी याच महिन्यांत.

हे नुसते आमचे म्हणणे नाही. अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या हजारो कामगारांवर दहा वर्षे लक्ष ठेवले गेले आणि त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. या वयात नोकरी गमावलेल्यांना हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका, नोकरी टिकलेल्यांच्या मानाने दुपटीहून जास्त दिसला. कारण समजायला अवघड नाही. चिंता लागली की शरीर रात्रंदिवस पळायच्या तयारीत राहते. नाडी वाढते, रक्तदाब वाढतो, साखर वाढते, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. त्यात तंबाखू वाढते, संध्याकाळचा ग्लास वाढतो आणि गोळी सुटते. पंचविशीतले शरीर हे काही काळ पेलते. पन्नाशीत रक्तवाहिन्या आधीच कडक होऊ लागलेल्या असतात.

आता गोळ्यांबद्दल नीट ऐका.

बी.पी. वाढल्याचे बहुतेकांना कळतच नाही. डोके दुखत नाही म्हणजे बी.पी. ठीक, हे खरे नाही. काही गोळ्या, ज्यांच्या नावाच्या शेवटी 'लोल' येते (अ‍ॅटेनोलोल, मेटोप्रोलोल), त्या एकदम बंद केल्या तर छातीत धडधड होते, हृदयाचा आजार असलेल्याला झटकाही येऊ शकतो. बंद करायची असेल तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

शुगरवाल्यांचा धोका वेगळा आहे आणि तो कोणाच्या लक्षात येत नाही. घरात दोन वेळचे जेवण दीड वेळचे झाले, सकाळची भाकरी सुटून नुसता चहा राहिला, पण ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन पूर्वीइतकेच चालू असेल तर साखर खाली जाते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बरळतो, चिडतो. लोक म्हणतात, नोकरी गेल्यामुळे डोके फिरले किंवा सकाळीच प्यायला. आधी पाण्यात दोन-तीन चमचे साखर किंवा गूळ घालून पाजा, पण शुद्धीवर असेल तरच. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. जेवण कमी झाले आहे हे डॉक्टरांना सांगायला लाजू नका. ते गोळी त्याप्रमाणे बदलतात. इन्सुलिन मात्र मनाने पूर्ण बंद करणे जिवावर बेतते.

दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बी.पी.-शुगरची तपासणी आणि नेहमीच्या गोळ्या मोफत आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरचेही पैसे लागत नाहीत. खासगी डॉक्टरांची जुनी चिठ्ठी आणि रिकामे पाकीट सोबत न्या. सरकारी गोळीचे पाकीट साधे दिसते म्हणून ती कमजोर, हा समज काढून टाका. पाकिटावरचे औषधाचे नाव तेच आहे ना, एवढे बघा. कधीमधी एखादी गोळी संपलेली असते. तेव्हा रिकाम्या हाताने परत येऊ नका, बदली गोळी लिहून घ्या. आशाताईला सांगून ठेवले तर साठा आल्याचे ती कळवते.

नोकरी गेल्यावर महिन्याभरात एकदा बी.पी. आणि शुगर तपासून घ्या, त्रास असो वा नसो. छातीत दाब, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, दरदरून घाम, तोंड वाकडे होणे, जीभ जड होणे, एक हात न उचलणे, यातले काहीही दिसले तर गॅसची गोळी देऊन सकाळची वाट बघू नका.

हे झाले शरीराचे. दुसरी गोष्ट दिवसाची.

व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचे छोटे गाव आहे. १९२९-३० मध्ये तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले. मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे राहून लोकांचे दिवस कसे जातात ते टिपले. १९३३ मध्ये त्याचे पुस्तक झाले. वेळच वेळ असूनही लोक वाचनालयातून पूर्वीपेक्षा कमी पुस्तके नेत होते. पुरुष रस्त्याने हळू चालत, मध्येच थांबत, दिवसभर काय केले ते त्यांना सांगता येत नसे. बायका मात्र भरभर चालत, कारण चूल, मुले आणि धुणे काही बंद पडले नव्हते. आम्ही हे वाचले तेव्हा आपलाच एखादा नाका डोळ्यांसमोर आला.

आपल्याकडेही गिरणीच होती. दापोली, खेड, मंडणगडातली किती घरे गिरणगावातून येणाऱ्या मनिऑर्डरवर उभी होती! त्यातही आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढून लावावा लागे आणि विटाळ आड येई; जास्त पगार त्याच खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला होता. पुढे १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. हजारोंना पुन्हा गेटच्या आत घेतले नाही आणि चाळिशी-पन्नाशीतली माणसे ट्रंक घेऊन गावी परतली. त्यांची नातवंडे आज आमच्याकडे तपासणीला येतात आणि सांगतात, आजोबा ओटीवर बसून असायचे, बोलायचे नाहीत. तेव्हा त्याला कोणी आजार म्हटले नाही. रागीट म्हटले, दारुडा म्हटले.

२०२० मध्ये तेच पुन्हा झाले. टाळेबंदीत मुंबईची नोकरी गेलेले चाकरमानी गावी आले, आणि ३ जूनला निसर्ग वादळाने राहत्या घराची कौले, पत्रे नेले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, म्हणजे बागेतली मजुरीही गेली. काही जण पुन्हा गेले. पन्नाशीपुढच्यांना पुष्कळदा कोणी बोलावलेच नाही.

म्हणून घरच्यांना आमचे सांगणे असे की, नोकरी गेली हे आठवड्याच्या आत घरात मोकळेपणाने बोलले जाऊ द्या. लपवण्यातच निम्मी ताकद जाते. बायकोला, मोठ्या मुलांना, गावमंडळाला आणि मुंबईकर मंडळालाही कळू द्या, कारण पुढचे काम लागते ते ओळखीनेच. "बसून खातो" हा शब्द घरात नको. उठण्याची वेळ पूर्वीचीच ठेवा, अंघोळ, दाढी पूर्वीसारखी. सकाळी अर्धा तास चाला. दिवसातले एक काम असे असावे की जे तुम्ही केले नाही तर कोणाचे तरी अडेल: नातवाला शाळेत सोडणे, विहाराची किल्ली सांभाळणे, वर्षावासात ग्रंथवाचन लावणे. विहारात आनापान करता, चांगलेच आहे, झोप सुधारते. बी.पी.ची गोळी घेऊन करा.

दापोली म्हणजे कॅम्प, लष्करी पेन्शनरांचे गाव, हे सर्वांना ठाऊक आहे. सुभेदार रामजी लष्करातून सुटल्यावर इथेच येऊन राहिले आणि पुढे पुन्हा नोकरी धरून साताऱ्याकडे गेले. गोपाळबाबा वलंगकरही पेन्शनरच. सैन्यातली आपली भरती बंद झाली तेव्हा त्याविरुद्ध अर्ज लिहिला तो त्यांनी. आम्ही हे वाडीत सांगतो, कारण "आता माझा काय उपयोग" असे म्हणणारा माणूस याच मातीत बसून म्हणत असतो.

बायकांचे वेगळे लिहायला हवे. बाईची नोकरी गेली तर तिला कोणी बेकार म्हणतच नाही, घरातली कामे वाढतात एवढेच. आणि नवऱ्याची गेली तर ती दुसऱ्याच्या बागेत, काजूच्या कामाला, धुण्याभांड्याला जाते, घरी येऊन चूल पेटवते आणि सगळ्यांना वाढून उरेल ते खाते. शिबिरात नवऱ्याची तपासणी झाली की आम्ही तिचाही हात पुढे करायला लावतो. बऱ्याचदा बी.पी. तिचेच जास्त निघते. मिशरी वाढलेली असते ती वेगळीच.

पैशाचे थोडक्यात, कारण झोप त्यानेच उडते. कोणत्याही कोऱ्या कागदावर सही करू नका. "राजीनामा लिहून द्या, लगेच हिशेब देतो" म्हणाले तर थांबा. राजीनामा दिला की कामावरून कमी केल्याची भरपाई मागता येत नाही. पाच वर्षे सलग नोकरी झाली असेल तर ग्रॅच्युइटीचा हक्क राजीनामा दिला तरी राहतो. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये असेल तर भागिले २६ म्हणजे ५००, गुणिले १५ म्हणजे ७,५००, आणि नोकरीची वर्षे वीस असतील तर दीड लाख. ठेकेदार बदलले की नोकरी नवी दाखवतात, म्हणून गेटपास आणि पगाराच्या चिठ्ठ्या फेकू नका. फंड कापला जात असेल आणि नोकरी एकूण दहा वर्षांची असेल तर ५८ व्या वर्षी पेन्शन आहे. ती पन्नाशीनंतर लवकरही घेता येते, पण जितकी वर्षे आधी घ्याल तितक्या वर्षांचे दरवर्षी ४ टक्के कापले जातात आणि ती कपात जन्मभराची असते. ५५ व्या वर्षी घेतली तर सुमारे १२ टक्के गेले. घर चालत असेल तर थांबा, चालत नसेल तर घ्या, त्यात कमीपणा नाही. हातात आलेल्या रकमेतून पहिले सहा महिन्यांचे धान्य, औषधे आणि हप्ते बाजूला काढा. लग्नाची जेवणावळ आणि भावकीतला उसनवार यांना त्यानंतर हात घाला. बचतगटाचा हप्ता चुकणार असेल तर चुकण्याआधी गटात सांगा. आधी सांगितले की बाया मार्ग काढतात.

शेवटचे, आणि हे टाळू नका. नोकरी गेलेला माणूस दोन आठवड्यांहून जास्त काळ गप्प असेल, जेवण टाकत असेल, "माझ्यामागे तुमचे बरे होईल" असे बोलत असेल, वस्तू वाटून टाकत असेल, तर त्याला सरळ विचारा, "दादा, जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट बोलायला वाट मिळते. त्या दिवसांत त्याला एकटे ठेवू नका. आंबा-काजूवर फवारायचे औषध पडवीत उघडे पडलेले असते, ते शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. रुग्णालयातही मनाच्या आजारावर औषध मिळते आणि ते घेणारा माणूस वेडा नसतो.

त्या काकांकडे आम्ही पुन्हा गेलो तेव्हा काकूंनी पाकीट आधीच ओटीवर आणून ठेवले होते. सहा गोळ्या शिल्लक होत्या, आणि तारीख मोजली तर सहाच असायला हव्या होत्या. बी.पी. १४४/९०. गोळी वाढवायची का ते डॉक्टर पुढच्या महिन्यात बघणार आहेत. ग्रॅच्युइटीचा अर्ज दिला आहे, त्याची पोच काकूंनी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे. नोकरी अजून नाही. सकाळी दोन नातवंडांना शाळेत सोडून येतात, येताना विहार झाडतात.