शिकलेल्या मुलांचा राग : श्रीलंकेचा धडा

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, कुठे दंगल झाली, बंड झालं की आपण पटकन म्हणतो, "पोरं बिघडली." पण वर्गात मुलं "का बिघडली?" असं विचारतात तेव्हा उत्तर द्यावं लागतं. त्यासाठी श्रीलंकेचं उदाहरण उपयोगी आहे, कारण तिथला संघर्ष पेटण्यात शिक्षण आणि विद्यापीठ प्रवेश यांचा मोठा वाटा होता.

१) पदव्या वाढल्या, नोकऱ्या नाही

श्रीलंकेत १९४५ पासून बालवर्ग ते विद्यापीठ शिक्षण मोफत झालं. खेड्यातली मुलं मातृभाषेतून शिकली, पदवीधर झाली. पण चहा, रबर आणि नारळ यांवर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेत त्यांच्यासाठी पुरेशा नोकऱ्या नव्हत्या. एप्रिल १९७१ मध्ये 'जनता विमुक्ती पेरामुना' या संघटनेच्या तरुणांनी सिरिमावो बंदरनायके यांच्या सरकारविरुद्ध सशस्त्र उठाव केला. यात मुख्यतः ग्रामीण सिंहली मुलं होती. सरकारने उठाव मोडून काढला. हजारो तरुण मारले गेले.

२) तमिळ मुलांची कोंडी

१९५६ च्या कायद्याने सिंहली ही एकमेव राजभाषा झाली आणि तमिळांना सरकारी नोकऱ्या मिळणं अवघड झालं. त्यानंतर १९७१ पासून विद्यापीठ प्रवेशात 'प्रमाणीकरण' आलं. वैद्यकीय, अभियांत्रिकी अशा शाखांसाठी तमिळ माध्यमाच्या मुलांना सिंहली माध्यमाच्या मुलांपेक्षा जास्त गुण लागू लागले. पुढे जिल्हानिहाय कोटा आला. त्याचा फायदा मागास तमिळ जिल्ह्यांनाही झाला, हे खरं. पण जाफन्यातल्या हुशार मुलाला एवढंच दिसलं की, आपण कितीही अभ्यास केला तरी दार बंदच.

३) ठिणगी ते वणवा

नोकरी आणि मान, दोन्हीकडच्या मुलांना हेच हवं होतं. पण जागा वाढवण्यापेक्षा "तुमचं त्यांनी घेतलं" असं सांगणं नेत्यांना सोपं गेलं. तमिळ तरुणांतून सशस्त्र गट उभे राहिले. १९८१ मध्ये जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय जाळलं गेलं. सुमारे ९७,००० ग्रंथ खाक झाले. जुलै १९८३ मध्ये तमिळ बंडखोरांनी १३ सैनिक मारले आणि कोलंबोसह अनेक ठिकाणी निरपराध तमिळांवर हल्ले झाले. सुरू झालेलं युद्ध मे २००९ पर्यंत चाललं.

४) दुसरं चित्र

२०२२ मध्ये इंधन, औषधं, वीज सगळ्याचीच टंचाई झाली. तेव्हा कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर सिंहली, तमिळ, मुस्लिम तरुण एकत्र बसले. राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांना जुलैमध्ये पद सोडावं लागलं. जुन्या जखमा त्याने भरल्या नाहीत. पण राग या वेळी शेजाऱ्यावर न निघता कारभाऱ्यांना जाब विचारायला वळला.

वर्गात चर्चेसाठी

• गुणांचा नियम बदलल्याने कोणाला काय मिळालं, कोणी काय गमावलं?
• १९७१ मधल्या सिंहली आणि तमिळ तरुणांच्या मागण्यांत साम्य काय?
• मागास भागाला न्याय देताना दुसऱ्यावर अन्याय होऊ नये म्हणून काय करता आलं असतं?

पालकहो, निकालाच्या दिवसांत "त्यांच्यामुळे आपल्या पोराची सीट गेली" हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. मूल ते ऐकत असतं. "मुळात सीटच कमी का आहेत?" हा प्रश्नही त्याच्या कानावर पडू द्या.