चतुःसीमा ठाऊक असली की पुरे

जांब समर्थ हे जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं गाव, समर्थ रामदासांचं जन्मस्थान. तिथे राहणारे निवृत्त शिक्षक आबा आणि पुण्यात संगणक अभियांत्रिकी शिकणारी त्यांची नात मुक्ता यांचा हा संवाद.

आबा: मुक्ता, परवा तू म्हणालीस की लाखो संगणकांचं एक जाळं आहे, पण कोणती फाइल कुणाकडे आहे याची पूर्ण यादी त्यातल्या एकाकडेही नाही. मग शोधणाऱ्याला फाइल सापडते कशी?

मुक्ता: आधी यादी ठेवली तर काय होतं ते सांगते, आबा. १९९९ साली नॅपस्टर सुरू झालं. गाणी लोकांच्या संगणकांवर होती, यादी मात्र कंपनीच्या सर्व्हरवर. २००१ साली कोर्टकचेरीत ती सेवा बंद पडली. गाणी जिथल्या तिथे राहिली, ती शोधायची वाट तेवढी गेली.

आबा: मग यादी काढूनच टाकली तर?

मुक्ता: २००० साली आलेल्या ग्नुटेलाने तेच केलं. प्रत्येक संगणक ओळखीच्या सगळ्यांना विचारायचा, ते पुढे त्यांच्या ओळखीच्यांना. एका प्रश्नापायी हजारो संगणक कामाला लागायचे. प्रश्न फिरतच राहू नये म्हणून ठरावीक टप्प्यांनंतर तो थांबवावा लागे. हवी ती फाइल त्याच्या एक टप्पा पलीकडे असली, तरी सापडत नसे.

आबा: म्हणजे यादी ठेवली तर ती एकाच्या हाती, आणि नाही ठेवली तर नुसती विचारपूस. यातून मार्ग कुणी काढला?

मुक्ता: २००१ साली सिगकॉम या परिषदेत दोन शोधनिबंध सादर झाले. एक एमआयटी आणि बर्कली इथल्या संशोधकांचा ‘कॉर्ड’. दुसरा ‘कॅन’, त्याच्या पहिल्या लेखिका सिल्व्हिया रत्नसामी. त्यांनी १९९७ साली पुणे विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि पुढे बर्कलीला पीएच. डी. केली. याच कामासाठी त्यांना २०१४चा ग्रेस मरे हॉपर पुरस्कार मिळाला.

आबा: पुण्यात शिकलेली मुलगी! सांग, काय केलं त्यांनी?

मुक्ता: फाइल कुठे आहे हे शोधत बसण्याऐवजी, तिची नोंद कुठे असायला हवी हे गणितानेच ठरवलं. फाइलच्या नावावर हॅश नावाची क्रिया करायची, त्यातून एक मोठी संख्या निघते. तेच नाव जगात कुणीही, कधीही घातलं तरी संख्या तीच. ‘कॅन’मध्ये त्या संख्येवरून एका काल्पनिक चौकोनातला एक बिंदू ठरतो. सगळा चौकोन संगणकांनी आपसात वाटून घेतलेला असतो. ज्याच्या वाट्याच्या तुकड्यात बिंदू पडला, नोंद त्याने सांभाळायची.

आबा: तो बिंदू कुणाच्या तुकड्यात पडला हे मला कसं कळणार? पुन्हा यादी आलीच की.

मुक्ता: शेताच्या खरेदीखतात काय लिहितात, आबा?

आबा: चतुःसीमा. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, दक्षिणेला, उत्तरेला कोण.

मुक्ता: इथेही प्रत्येक संगणकाला तेवढंच ठाऊक असतं. बिंदू ईशान्येला असेल, तर जो शेजारी त्याच्या अधिक जवळ, त्याच्याकडे प्रश्न सोपवायचा. तोही तसंच करणार. अख्ख्या शिवाराचा नकाशा कुणाजवळच नाही, तरी बांधामागून बांध ओलांडत प्रश्न मुक्कामी पोचतो.

आबा: नवा माणूस आला तर? जमीन तर सगळी वाटून झालेली.

मुक्ता: त्याला जाळ्यातला एक तरी संगणक आधी माहीत असावा लागतो. मग तो मनाला येईल तो बिंदू निवडतो. ज्याच्या तुकड्यात बिंदू पडला, तो तुकड्याची निम्मी वाटणी करून देतो. त्या भागातल्या नोंदी नव्याकडे जातात आणि फक्त आजूबाजूच्या शेजाऱ्यांना कळवावं लागतं. बाकीच्या लाखोंना पत्ताही लागत नाही.

आबा: पण दहा लाख संगणक असले तर बांध किती ओलांडायचे?

मुक्ता: चार शेजारी असलेल्या चौकोनात सरासरी ५००. फार झाले. म्हणून ‘कॅन’ लांबी-रुंदीवर थांबत नाही. दहा मिती घेतल्या की शेजारी होतात २० आणि टप्पे उरतात साधारण १०. दहा मितींचं चित्र डोळ्यांपुढे येत नाही, पण गणिताला त्याची अडचण नसते.

आबा: आणि तो दुसरा, ‘कॉर्ड’?

मुक्ता: त्यात सगळे क्रमांक एका वर्तुळावर असतात. प्रत्येक संगणक आपल्यापासून १, २, ४, ८, १६ असे दुप्पट होत जाणाऱ्या अंतरांवरचे पत्ते ठेवतो. प्रत्येक टप्प्याला उरलेलं अंतर निम्म्याने तरी घटतं. दहा लाख संगणकांत जास्तीत जास्त २०च्या आसपास टप्पे, सरासरी त्याच्या निम्मे. संगणक दुप्पट झाले, तरी टप्पा वाढतो एखादाच.

आबा: शेजारी म्हणजे खरोखर जवळ राहणारा का?

मुक्ता: नाही. जांबेतल्या संगणकाचा शेजारी ब्राझीलमध्ये असू शकतो. हे जाळं खऱ्या इंटरनेटवर अंथरलेलं असतं, म्हणून त्याला ओव्हरले म्हणतात. घनसावंगीतल्या फाइलचा पत्ता विचारणारा प्रश्न समुद्रापार जाऊन येईल. ‘पेस्ट्री’ आणि ‘टॅपेस्ट्री’ या त्याच काळच्या रचनांनी पुढचा टप्पा निवडताना खरं अंतरही लक्षात घेतलं.

आबा: ज्याच्याकडे नोंद आहे, त्याच्या घरची लाईट गेली तर?

मुक्ता: शेजारी ठरावीक वेळाने एकमेकांची खबर घेतात. एखादा गप्प झाला की त्याचा तुकडा शेजारी ताब्यात घेतो. जागा ओस पडत नाही, पण तिथल्या नोंदी जातात. म्हणून मूळ फाइलवाल्याने नोंद पुन्हापुन्हा करायची किंवा आधीच प्रती अनेकांकडे ठेवायच्या. २००२ साली आलेल्या ‘कॅडेम्लिया’ने आणखी एक गोष्ट हेरली. जो संगणक बराच काळ चालू आहे, तो पुढेही चालू राहण्याची शक्यता जास्त. म्हणून त्यात जुन्या ओळखी सहसा टाकत नाहीत. फाइली वाटून घ्यायच्या बिटटोरंट या जाळ्याने २००५पासून वापरलेली पद्धत ‘कॅडेम्लिया’वरच उभी आहे. तिथे नोंदीत फाइल नसते, फाइल कुणाकुणाकडे आहे त्यांचे पत्ते असतात.

आबा: समज, रामनवमीच्या कीर्तनांची ध्वनिमुद्रणं अशी ठेवली आणि मी नुसतं ‘जांब’ शोधलं. मिळेल का?

मुक्ता: नाही मिळणार. ‘जांब समर्थ’ आणि ‘जांबसमर्थ’ यांत फरक एका जागेचा, पण हॅशमधून संख्या निघतात अगदी वेगळ्या. नेमकं नाव हवं. अर्धवट शब्दांवरून शोधायचं तर त्यावर वेगळी सोय उभारावी लागते.

आबा: आणि मधलाच कुणी खोटं बोलला तर?

मुक्ता: तो या रचनेचा सगळ्यात नाजूक भाग. एकच माणूस हजार नावं धारण करून हजार तुकडे बळकावू शकतो आणि हवी ती नोंद दडपू शकतो. आलेली फाइल खरी की खोटी हे तिच्या मजकुराचा हॅश ताडून कळतं. पण ‘अशी फाइलच नाही’ हे उत्तर खोटं असेल, तर ते पकडणं अवघड. त्यावर एकच प्रश्न वेगवेगळ्या वाटांनी पाठवणं, क्रमांक मनासारखा निवडू न देणं असे उपाय आहेत. पुरता उतारा मात्र नाही.

आबा: म्हणजे मालक नको असेल, तर नियम पाळणारे पुष्कळ हवेत.

मुक्ता: हो, आबा. नॅपस्टरची यादी एका आदेशाने गेली. इथे बंद करायला यादीच नाही. प्रत्येकाने जाणायचं थोडंच, पण जागा ठरवायचा नियम सगळ्यांचा एकच असला पाहिजे. या जाळ्याचं बळ त्या नियमात आहे.