ब्लॅक बेल्टच्या तासांचा हिशेब

रायपूरच्या तात्यापारा, चौबे कॉलनी अशा जुन्या मराठी वस्त्यांपासून शहराच्या कडेला उठलेल्या नव्या वसाहतींपर्यंत कराटे किंवा तायक्वांदोचा संध्याकाळचा क्लास आता सगळीकडे आढळतो, आणि मुलाचे नाव घालताना पालकांचा पहिला प्रश्न असतो तो ब्लॅक बेल्टला किती वर्षे लागतील हाच. वर्षांत दिलेले त्याचे उत्तर मात्र बहुधा फसवे ठरते.

पट्ट्यांची व्यवस्था ज्युदोतून आली. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान स्थापन केले आणि पुढच्याच वर्षी सायगो शिरो व तोमिता त्सुनेजिरो या शिष्यांना पहिला ‘दान’ दिला, म्हणजे प्रावीण्याची ती श्रेणी, जिची खूण पुढे काळा पट्टा ठरली. गिचिन फुनाकोशी यांनी ओकिनावाहून तोक्योत आल्यावर दोनच वर्षांनी, १९२४ मध्ये, कराटेत ही श्रेणी प्रथम बहाल केली. हे अवधी तोकडे वाटतात खरे, परंतु या पहिल्या शिष्यांपैकी काही जण आधीच इतर गुरूंकडे शिकलेले होते, तर तोमितासारखा शिष्य गुरूच्या घरीच राहत होता. आजच्या क्लासात आठवड्यातून तीन संध्याकाळी एकेक तास धरला, तर वर्षाचे दीडशे तास होतात, आणि नौतपा, म्हणजे मेअखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस, शाळेच्या परीक्षा आणि दिवाळी वजा जाता हाती सव्वाशेच उरतात. रोज दोन तास, आठवड्याचे सहा दिवस सराव करणाऱ्याचे सहाशेवर भरतात.

कराटेत दानच्या खाली ‘क्यू’ नावाच्या साधारण नऊ-दहा पायऱ्या असतात. सुरुवातीच्या पायऱ्या तीन-चार महिन्यांच्या, तर काळ्याच्या आधीच्या तपकिरी पट्ट्याचे टप्पे सहा महिन्यांचे किंवा त्याहून लांब असल्याने नियमित विद्यार्थ्याला चार-पाच वर्षे लागणे स्वाभाविक मानावे. काही कलांत वयाचीही अट असते: तायक्वांदोत सोलच्या कुक्कीवॉन या संस्थेच्या नियमांनुसार पंधरा वर्षांखालील मुलाला दानऐवजी ‘पूम’ ही श्रेणी आणि लाल-काळा पट्टा मिळतो, आणि ब्राझीलच्या जुजुत्सूत आंतरराष्ट्रीय महासंघ एकोणिसाव्या वर्षाआधी काळा पट्टा मान्यच करत नाही.

तपकिरी पट्ट्याचा काळ लांबतो याचे कारण शरीरात आहे. ‘ग्याकू-झुकी’, म्हणजे मागच्या हाताचा ठोसा मारताना मागच्या पायाची टाच नकळत उचलली जाते आणि कमरेचा जोर मुठीपर्यंत पोहोचत नाही. ही चूक कळायला एक मिनिट पुरते, पण मोडायला कित्येक महिने जातात, आणि चांगला शिक्षक त्या काळात मागे उकिडवा बसून टाच तळहाताने दाबून धरतो.

प्रस्तुत लेखकाच्या घरातील मुलीला एका क्लासने ठरावीक मुदतीच्या आणि ठरावीक शुल्काच्या योजनेत काळा पट्टा दिला. ती शिक्षणासाठी नागपूरला गेली, तेव्हा तेथील कराटेच्या सरांनी पाचही ‘हेइआन’ काता, म्हणजे आक्रमण-बचावाच्या ठरलेल्या हालचालींच्या प्राथमिक मालिका, क्रमाने करून दाखवायला सांगितल्या. तिला तीनच शिकवल्या गेल्या होत्या. तिने पट्टा घडी करून पिशवीत ठेवला आणि ती हिरव्या पट्ट्यांच्या रांगेत उभी राहिली. त्या मुलीच्या कष्टांत काही उणे नव्हते, आणि म्हणूनच ही फसवणूक अधिक लागते.

शुल्क भरण्याआधी प्रमाणपत्रावर कोणत्या संघटनेची सही असते आणि त्याचा क्रमांक पडताळता येतो का, हे विचारावे. भारतातील कराटे संघटनांचे वाद जुने असून जागतिक कराटे महासंघाने २०२० मध्ये येथील तत्कालीन संघटनेची मान्यता काढून घेतली होती, त्यामुळे हा प्रश्न केवळ औपचारिक नाही. प्रत्येक ग्रेडिंगचा, म्हणजे पट्ट्याच्या परीक्षेचा, खर्च लेखी मागावा; त्या परीक्षेत कोणी नापास होते का, हेही विचारावे, कारण जेथे कधीच कोणी नापास होत नाही तेथे परीक्षा होतच नसते. नोकरीतील क्रीडा कोट्याची आशा पट्ट्यावर ठेवू नये. तेथे मान्यताप्राप्त स्पर्धांतील कामगिरी पाहिली जाते.

दहावी-बारावीच्या वर्षी बहुतेक मुले क्लास सोडतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. अशा वेळी शिक्षकांशी आधीच बोलून आठवड्यातून एक दिवस तरी राखावा, पुढची ग्रेडिंग वर्षभर लांबवावी आणि परतल्यावर हातात असलेल्या पट्ट्याचीच परीक्षा पुन्हा एकदा मागून घ्यावी.