आधी ड्रॉइंग झूम करा, मग रेट सांगा

वाळूज असो, चिकलठाणा असो की शेंद्रा, आपल्या एमआयडीसीत छोटं वर्कशॉप टाकलं की चौकशी व्हॉट्सअ‍ॅपवर येते. एक ड्रॉइंग आणि खाली मेसेज, "भाऊ, रेट सांगा." आपण मोबाईलवर नुसता आकार बघतो आणि रेट सांगून मोकळे होतो.

पण खर्च आकारावर नाही, बारीक आकड्यांवर ठरतो. समजा, 25 मिमीचं भोक आहे. शेजारी ±0.5 लिहिलं असेल, तर ड्रिल मारून भागतं. पण 25 एच7 लिहिलं असेल, तर माप 25.000 ते 25.021 मिमीमध्येच बसायला हवं. म्हणजे रीमर किंवा बोअरिंग आलं, गेज आला, वेळ वाढला. ड्रिलचा रेट दिला तर नफा गेला, आणि नुसतं ड्रिल मारून दिलं तर अख्खा लॉट परत!

म्हणून ही सवय लावा:

1. मूळ फाईल मागा. फोटो म्हणून पाठवलेल्या ड्रॉइंगची क्वालिटी व्हॉट्सअ‍ॅपवर कमी होते, झूम केलं की आकडे फुटतात. कॅडमधूनच काढलेली पीडीएफ 'डॉक्युमेंट' म्हणून मागा. तिच्या रेषा कितीही मोठ्या केल्या तरी स्पष्ट राहतात. स्कॅन केलेल्या पीडीएफचं तसं नसतं.

2. कॉम्प्युटरवर उघडा. कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवा. अ‍ॅडोब रीडरमध्ये कंट्रोल आणि 0 दाबलं की पूर्ण पान परत दिसतं.

3. डीडब्ल्यूजी फाईल आली तर ऑटोडेस्कचं डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू विंडोजवर फुकट मिळतं. कर्सर ठेवाल तिथं चाकाने झूम होतं, चाकावर डबल क्लिक केलं की पूर्ण ड्रॉइंग दिसतं. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग अनोळखी वेबसाइटवर मात्र टाकू नका.

4. क्रमाने बघा. आधी टायटल ब्लॉक, तो बहुतेक खाली उजवीकडे असतो: मटेरियल, रिव्हिजन नंबर, जनरल टॉलरन्स, फर्स्ट अँगल की थर्ड अँगल. मग नोट्स. मग एकेक माप.

एक पक्कं लक्षात ठेवा. स्क्रीनवर पट्टी लावून माप काढायचं नाही, लिहिलेला आकडाच खरा. आणि तो झूम करूनही वाचता येत नसेल, तर अंदाज नको. तेवढ्या भागाचा स्क्रीनशॉट काढा, गोल करा आणि गिऱ्हाइकाला मेसेज करून विचारा. उत्तर लेखीच घ्या.

आज एवढंच करा: तुमच्याकडचं एक जुनं ड्रॉइंग उघडा, झूम करून त्यातलं सगळ्यात कडक टॉलरन्स शोधा. तुमच्या रेटमध्ये ते धरलं होतं का, बघा!