चारने भाग जाणारे पत्ते

एका संगणकावर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्या जातीच्या संगणकावर चढवावा आणि तारेतून पहिला निरोप येताच सारे यंत्रच बंद पडावे, असे का होते? गणित बरोबर असते, तर्कही बरोबर असतो. चुकलेला असतो तो पत्ता, आणि तोही अवघ्या दोन घरांनी.

संगणकाची स्मृती म्हणजे क्रमांक घातलेल्या घरांची लांबच लांब ओळ. प्रत्येक घरात एक बाइट, म्हणजे ० ते २५५ पैकी एक संख्या मावते. घराचा क्रमांक हाच त्याचा पत्ता. मोठी संख्या साठवायला बहुधा चार घरे लागतात. परंतु प्रोसेसर ही घरे एकेक करून उघडत नाही. कपाटाला खण आहेत आणि दर खणात चार घरे आहेत, असे समजा: पहिल्या खणात ० ते ३, दुसऱ्यात ४ ते ७, याप्रमाणे. एका ओढीत एक पूर्ण खण बाहेर येतो. आपली संख्या ८ ते ११ या घरांत असेल तर एक ओढ पुरे. ती ६ पासून सुरू होत असेल तर? दोन खण ओढायचे, दोन्हींतून निम्मे निम्मे उचलायचे आणि जोडायचे.

हे जोडकाम कुणी करायचे, यावर प्रोसेसर बनवणाऱ्यांचे एकमत नाही. इंटेलचा १९७८ चा ८०८६ व त्याचे वंशज ते मुकाट्याने करतात. वेळ थोडा अधिक लागतो इतकेच. मोटोरोलाच्या १९७९ च्या ६८००० चे खण दोन घरांचे होते. विषम पत्त्यावरून दोन बाइट मागितले, की तो काम थांबवून चूक जाहीर करी. जुन्या आर्म प्रोसेसरांची तऱ्हा और होती. २६ पासून चार बाइट मागा. २६, २७, २८, २९ ऐवजी ते २६, २७, २४, २५ हातात ठेवीत, आणि तेही बिनबोभाट! माझ्या मते त्यापेक्षा थांबणारे यंत्र परवडले.

साधा प्रोग्रॅम असा अडखळला तर ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नेल, त्याला बंद करतो आणि बाकीचा कारभार चालू राहतो. खुद्द कर्नेल अडखळला तर त्याच्यावर कोण? काही कर्नेलांत स्वतःला सावरण्याची सोय लिहिलेली असते, पण एका वाचनासाठी पुष्कळ सूचना खर्ची पडतात.

आता लिनक्सचे उदाहरण घेऊ. १९९१ मध्ये ते इंटेलच्या ८०३८६ साठी लिहिले गेले. इतर प्रोसेसरांवर ते नंतर गेले. इथरनेटच्या तारेतून येणाऱ्या निरोपाच्या आरंभी ६ बाइट घेणाऱ्याचा पत्ता, ६ बाइट पाठवणाऱ्याचा पत्ता आणि २ बाइट प्रकार असतो. बेरीज १४. त्यापुढे इंटरनेटचा मथळा सुरू होतो, आणि त्यात १२ बाइट सोडून पाठवणाऱ्याचा चार बाइटांचा इंटरनेट-पत्ता येतो. निरोप ० या घरापासून ठेवला तर तो पत्ता १४ + १२ = २६ वर पडतो. मघाचाच २६! चारने भाग जात नाही.

उपाय पाहा. निरोपापूर्वी २ घरे मुद्दाम रिकामी सोडायची. मथळा १६ वर जातो, पत्ता २८ वर, आणि पुढचे सारे चार-चार बाइटांचे गट आपोआप खणात बसतात. मात्र आता निरोप २ पासून सुरू होतो, आणि काही नेटवर्क कार्डे चारने भाग जाणाऱ्या घरापासूनच स्मृतीत लिहू शकतात. तेथे सगळा निरोप एकदा उतरवून घेण्यावाचून गत्यंतर नसते.

एखादी संख्या कोठे पडेल हे आधी ठाऊकच नसेल, तर बाइट एकेक वाचून जोडावेत. एका बाइटाला आडवे पडायला जागाच नसते! तारेवर मोठ्या स्थानाचा बाइट आधी येतो; ०, ०, १, ४४ असे चार बाइट आले तर संख्या १ × २५६ + ४४ = ३००. लिनक्समध्ये अशा वाचनासाठी वेगळी फंक्शने आहेत. ‘येथे चार बाइटांची संख्या आहे असे समज’ असे प्रोसेसरला परस्पर सांगण्याऐवजी ती वापरली, की तोच प्रोग्रॅम सर्व जातींच्या यंत्रांवर चालतो.

काही जाळ्यांत प्रकाराच्या २ बाइटांपूर्वी ४ बाइटांची एक जादा खूण घातलेली असते. तेव्हा आरंभीची २ रिकामी घरे पुरतील का? कागदावर बेरीज करून पाहा.